उच्चार कोणाचा शुद्ध?
(बर्नार्ड शॉ यांच्या फुलवालीच्या निमित्ताने)

इंग्रजी उच्चारांचा विषय निघाला, की आपल्या समाजात दोन प्रकारची माणसे हमखास आढळतात. दुसऱ्याच्या तोंडून एखादा शब्द वेडावाकडा आला की गालातल्या गालात हसणारी ही एक तऱ्हा. आणि आपलाही शब्द असाच घसरेल या धास्तीने चारचौघांत तोंडच न उघडणारी, ही दुसरी. पहिल्यांच्या हसण्यावरच दुसऱ्यांचे मौन पोसले जाते. वाचनाची आवड असलेला, विचाराने परिपक्व असलेला एखादा तरुण मुलाखतीत गप्प बसतो. पदवीधर आईसुद्धा मुलीच्या शाळेतील पालकसभेत शेवटच्या बाकावर जाऊन बसते. अशा वेळी प्रश्न केवळ भाषेचा उरत नाही, तो माणसाच्या प्रतिष्ठेचा होतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करणाऱ्या एका नाट्यकृतीची आणि तिच्या भोवतालच्या इतिहासाची येथे थोडी तपासणी करावी, असे आम्ही योजिले आहे. ही कृती म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन'.

नाटकाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारणारा माणूस बहुधा अडाणी नसतो. उलट तो वाचणारा असतो. त्याने तो शब्द कानाने ऐकलेला नसतो, डोळ्यांनी पाहिलेला असतो. 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दात 'बी' हे अक्षर लिहिलेले आहे. तो बिचारा ते प्रामाणिकपणे उच्चारतो. 'रिसीट'मधील 'पी', 'सॅमन' माशातील 'एल', 'प्लंबर'मधील 'बी', स्तोत्राला इंग्रजीत म्हणतात त्या 'साम' शब्दाच्या आरंभीचा 'पी', ही सारी अक्षरे कागदावर आहेत आणि जिभेवर नाहीत. 'एपिटमी' हा शब्द पुस्तकात वाचणारा त्याला 'एपिटोम' म्हणणार आणि 'हायपर्बली'ला 'हायपरबोल' म्हणणार, हे ओघानेच आले. खुद्द 'उच्चार' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'प्रोनन्सिएशन' असा आहे. पण त्याच्या क्रियापदात 'नाउन्स' असल्यामुळे असंख्य लोक त्याला 'प्रोनाउन्सिएशन' म्हणतात. यात तर्क आहे. रूढी तेवढी नाही.

आता या मुक्या अक्षरांचा दोष कोणाचा? सेमिनरीत ज्यांनी लॅटिन घोकले त्यांना 'देबितुम' हा शब्द आठवेल. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या मूळ शब्दात 'बी' नव्हताच. प्रबोधनकाळातील पंडितांना वाटले, की शब्दाचे लॅटिन कूळ लिखाणातून दिसावे. म्हणून त्यांनी 'बी' आत घातला. 'रिसीट'मधील 'पी'ही असाच आला. 'आयलंड', म्हणजे बेट, या शब्दातील 'एस' तर निव्वळ गैरसमजातून शिरला. कारण त्या शब्दाचा लॅटिन 'इन्सुला'शी मुळात संबंधच नाही. जनता बोलत होती तशीच बोलत राहिली; विद्वानांनी लिखाण तेवढे बदलले. या हट्टाची थट्टा शेक्सपिअरने सोळाव्या शतकाच्या अखेरीसच करून ठेवली आहे. 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकातील होलोफर्नीज नावाचा पंतोजी लोक या शब्दातील 'बी' उच्चारत नाहीत म्हणून कासावीस होतो. आज आपला एखादा विद्यार्थी तोच 'बी' उच्चारतो आणि आपण त्याला हसतो. होलोफर्नीज असता, तर त्याने त्याची पाठ थोपटली असती!

त्यातच भर म्हणजे विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना आणला आणि लिखाण हळूहळू स्थिर होऊ लागले. पण सुमारे पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकत गेले. लेखन मागे राहिले, बोलणे पुढे गेले. आपल्या देवनागरीत लिहिल्याप्रमाणे वाचले जाते, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बव्हंशी खरेही आहे. तरी 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' एक नव्हे, जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाणी ठेवण्याचे भांडे यांतील 'ज'ही एक नव्हे, हे परभाषकाला अक्षरावरून कसे कळावे? इंग्रजीत हीच अडचण शतपटींनी आहे, एवढेच.

मग इंग्रजांचे तरी आपापसांत एकमत होते काय? मुळीच नाही. 1772 मध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी बॉस्वेलपाशी एक गमतीची अडचण बोलून दाखविली होती. 'ग्रेट' या शब्दाचा उच्चार 'स्टेट'शी जुळवावा असे लॉर्ड चेस्टरफील्ड यांचे म्हणणे, तर तो 'सीट'शी जुळवून 'ग्रीट' करावा असे सर विल्यम याँग यांचे मत. एक उमरावांच्या सभेतील उत्तम वक्ता, दुसरा लोकसभेतील. या दोघांचे जिथे जमेना, तिथे कोशकाराने कोणाचे ऐकावे? पुढे 1780 मध्ये टॉमस शेरिडन यांनी उच्चारांचा कोश काढला. ते आयर्लंडचे. आयरिश माणसाने इंग्रजांना इंग्रजी शिकवावे, ही कल्पनाच जॉन्सन यांना रुचलेली नव्हती. 1791 मध्ये जॉन वॉकर यांचा प्रसिद्ध उच्चारकोश आला. हे वॉकर आधी नट होते आणि त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना कुतूहलाची वाटेल. स्कॉटलंड, आयर्लंड आणि खुद्द लंडन येथील रहिवाशांनी आपापल्या लकबी कशा टाळाव्यात, याचे नियम त्यांनी कोशाच्या प्रारंभीच दिले. म्हणजे राजधानीतील सामान्य माणूसही अशुद्धच! मग शुद्ध बोलणारे उरले तरी किती?

याचे प्रांजळ उत्तर विसाव्या शतकात डॅनियल जोन्स यांनी दिले. 1917 साली त्यांचा उच्चारकोश प्रसिद्ध झाला. दक्षिण इंग्लंडातील ज्या कुटुंबांतील पुरुष बड्या निवासी शाळांत शिकलेले आहेत, त्या कुटुंबांतील दैनंदिन बोलणे आपण नोंदवीत आहोत, असे त्यांनी स्पष्ट केले. उच्चार सुधारण्याचा वा चांगले-वाईट ठरविण्याचा आपला मुळीच हेतू नाही, असेही त्यांनी नमूद केले. एका लहानशा वर्गाचे बोलणे त्यांनी टिपून ठेवले. जगाने मात्र ती टिपणवही कायद्याचे पुस्तक समजून वापरली. न्यायाधीश होण्यास ज्याने नकार दिला, त्याच्याच नावाने शिक्षा सुनावल्या गेल्या.

या पार्श्वभूमीवर आता शॉ यांच्या नाटकाकडे पाहावे. 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग 1913 मध्ये व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत झाला आणि 1914 मध्ये ते लंडनच्या रंगभूमीवर आले. कथानक सर्वपरिचित आहे. ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक हिगिन्स रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझा डूलिटल हिला उच्चार शिकवून उच्चभ्रू समाजात बाई म्हणून मिरवून दाखविण्याची पैज घेतात आणि जिंकतात. नाटकाची ख्याती या पैजेमुळे आहे. आमच्या मते त्याचे खरे सामर्थ्य पैज जिंकल्यानंतरच्या भागात आहे. आणि बहुतेक प्रेक्षकांचे दुर्लक्ष होते तेही त्याच भागाकडे.

पहिल्याच अंकात शॉ यांनी एक लक्षणीय गोष्ट केली आहे. एलायझाची बोली जशीच्या तशी लिहिण्याचा प्रयत्न त्यांनी चार-दोन वाक्यांपुरता केला आणि लगेच, लंडनबाहेरच्या वाचकाला हे कळणार नाही, असे म्हणून क्षमायाचनेसह सोडून दिला. रोमन लिपीचे अपुरेपण त्यांना आयुष्यभर सलत राहिले. नवी लिपी तयार व्हावी म्हणून त्यांनी मृत्युपत्रात तरतूद केली आणि 1962 मध्ये त्यांचेच 'अँड्रोक्लीज अँड द लायन' हे नाटक तशा लिपीत छापलेही गेले. तिचा प्रसार मात्र झाला नाही. पण या तळटीपवजा क्षमायाचनेतच नाटकाची कळ आहे. फुलवालीची बोली लिहिता येत नाही, हा लिपीचा दोष. तो तिच्या माथी मारण्यात आला आहे.

तिसऱ्या अंकात हिगिन्सच्या आईकडे एलायझा पाहुण्यांशी बोलते. उच्चार निर्दोष, विषय मात्र आपल्या आत्याला कोणी तरी संपविले असावे, हा! येथे प्रेक्षक खो-खो हसतात. शॉ यांना दाखवायचे आहे ते असे, की जिभेला वळण लावले म्हणजे माणसाचे जगणे बदलत नाही. आणि पाहुणेही असे, की उच्चार नीटस आहेत म्हणून ते हे भयंकर बोलणेसुद्धा नव्या पद्धतीची फॅशन समजून गोड मानून घेतात. थट्टा एलायझाची नाही, त्यांची आहे.

याहून बोचरा आहे तो तिच्या बापाचा प्रसंग. आल्फ्रेड डूलिटल हा कचरा उचलणारा माणूस. एका अमेरिकन धनिकाच्या मृत्युपत्रामुळे त्याला वर्षाला 3,000 पौंड मिळू लागतात आणि तो एकाएकी सभ्य गृहस्थ ठरतो. त्याला कोणी ध्वनिशास्त्र शिकविलेले नाही. त्याची बोली होती तशीच आहे. मुलीला जे सहा महिने घोकून मिळवावे लागले, ते बापाला बँकेतील एका खात्याने मिळवून दिले. शुद्ध उच्चार हे पुष्कळदा पैशाचे आणि कुळाचे पांघरूण असते, हे शॉ यांनी एकही व्याख्यान न देता सांगितले आहे.

आणि शेवटच्या अंकात एलायझा कर्नल पिकरिंग यांचे आभार मानते. या 'कर्नल' शब्दाचीही गंमत पाहा. त्याचे एक रूप इटालियन वळणाचे, 'एल' असलेले, आणि दुसरे फ्रेंच वळणाचे, 'आर' असलेले. इंग्रजांनी लिखाण एकाचे घेतले आणि उच्चार दुसऱ्याचा! असो. एलायझा म्हणते त्याचा आशय असा, की हिगिन्सने तिला उच्चार दिले, पण पिकरिंग यांनी पहिल्या दिवशी 'मिस डूलिटल' अशी हाक मारली, तेथून तिचे खरे शिक्षण सुरू झाले. बाई आणि फुलवाली यांतील अंतर त्या कशा वागतात यात नसून त्यांना कसे वागविले जाते यात आहे. आमच्या मते संपूर्ण नाटकाचा निकाल या ठिकाणी लागतो.

तथापि शॉ यांच्या पदरी काही दोषही घालणे प्राप्त आहे. हिगिन्सचे बोलणे त्यांनी इतके चमकदार लिहिले आहे, की प्रेक्षक त्याच्या उद्धटपणावर लुब्ध होतो आणि एलायझाचे दुःख त्या झगमगाटात हरवते. हिगिन्सची भूमिका करणारे बीरबोम ट्री यांनी लंडनच्या प्रयोगात अखेरीस एलायझाकडे फुले फेकून गोड प्रेमकथेचा आभास निर्माण केला. शॉ संतापले. पुढे पुस्तकाला लांबलचक उपसंहार जोडून त्यांना सांगावे लागले, की एलायझा फ्रेडीशी लग्न करते, हिगिन्सशी नाही. नाटकाचे मर्म उपसंहारातून समजावून द्यावे लागते, तेव्हा उणीव नाटकात कोठे तरी असतेच. दुसरे असे, की हिगिन्सचा उच्चार हाच मापदंड का, हा प्रश्न शॉ यांनी नाटकात थेट विचारलाच नाही.

हा प्रश्न पुढे त्यांच्याच समोर येऊन उभा राहिला. 1926 मध्ये बीबीसीने बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीसंबंधी एक सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष, सदस्यांत डॅनियल जोन्स आणि शॉ, चिटणीस भाषाशास्त्रज्ञ लॉईड जेम्स. ब्रिजेस 1930 मध्ये निवर्तले आणि अध्यक्षपद शॉ यांच्याकडे आले. हिगिन्सचा निर्माता आता साऱ्या देशाचा हिगिन्स झाला! निवेदकांनी संदिग्ध शब्द कसे उच्चारावेत, याच्या पुस्तिका निघाल्या. पण श्रोत्यांचे समाधान होईना आणि सदस्यांचेही एकमत होईना. 1934 मध्ये 'टाइम्स'ला पत्र लिहून शॉ यांना या मतभेदांचा खुलासा करावा लागला. समितीचे एक सदस्य अ‍ॅलिस्टर कुक पुढे एक किस्सा सांगत. 'केनाइन' की 'कॅनाइन', असा वाद निघाला. शॉ म्हणाले, ज्यांच्या धंद्यात तो शब्द रोज येतो त्यांचा उच्चार आपण मानतो, आणि आपला दंतवैद्य 'केनाइन' म्हणतो. कोणी तरी टोमणा मारला, की मग तो दंतवैद्य अमेरिकन असणार. शॉ उत्तरले, अर्थातच. नाही तर या वयात आपले दात शाबूत कसे राहिले असते? 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि समितीचे काम थांबले.

युद्धकाळात एक बोधप्रद गोष्ट घडली. 1941 मध्ये यॉर्कशरच्या वळणाने बोलणारे विल्फ्रेड पिकल्स यांना बीबीसीने राष्ट्रीय बातम्या वाचण्यास बसविले. अनेक श्रोत्यांनी तक्रारी केल्या. अशा आवाजातील बातमीवर विश्वास बसत नाही, असेही काहींना वाटले. बातमी तीच आणि देशही तोच; केवळ स्वर उत्तरेकडचा होता. आज त्याच बीबीसीवर नाना प्रांतांचे आणि देशांचे उच्चार ऐकू येतात, आणि बातमीवरचा विश्वास त्यामुळे कमी झालेला नाही.

अशी परीक्षा जिवावर बेतल्याची कथा बायबलच्या वाचकांस ठाऊक आहे. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात गिलादी लोक यार्देनच्या उताराशी पळपुट्यांना अडवून 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. शब्दाचा अर्थ साधा, धान्याचे कणीस. एफ्राइमी माणसाच्या तोंडून 'श'ऐवजी 'स' आला, की तेथेच त्याचा वध. त्या यादवीत 42,000 माणसे पडली, असे शास्त्र सांगते. प्रमुख याजकाच्या अंगणात संत पेत्र ओळखले गेले, तेही गालीली बोलण्यावरून. पेन्टेकॉस्टच्या दिवशी हेच गालीली बोलू लागले तेव्हा मात्र प्रत्येकाला ते आपल्या भाषेत समजले. त्या दिवशी कोणी त्यांच्या उच्चारांचे गुण मोजीत बसले नाही.

शॉ यांचे नाटक मराठीत आले ते पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'च्या रूपाने, 1975 साली. मंजुळेच्या भूमिकेत भक्ती बर्वे यांनी ते अजरामर केले. पु. लं.नी इंग्रजी उच्चारांचा प्रश्न मराठी उच्चारांवर आणून ठेवला आणि नाटक किंचितही परके वाटले नाही. ही रूपांतराची कसोटी तर खरीच, पण आपल्यावरील टीकाही आहे. 'न' आणि 'ण', 'स' आणि 'श' यांवरून माणसाची पायरी ठरविण्याचा रोग इंग्रजांपुरता नाही, हे त्या यशाने सिद्ध केले. वसईतील सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या घरांतील मुलांना शाळेत पहिल्या दिवशी जे हसू ऐकावे लागते, त्याची जात तीच आहे.

आणखी एक विसंगती पाहण्यासारखी आहे. दुर्बळाने शब्द मोडला तर ती चूक, आणि सत्ताधीशाने मोडला तर ते नाव! वसईचे पोर्तुगीजांनी 'बासाईं' केले, इंग्रजांनी 'बसीन' केले, आणि 1802 चा वसईचा तह इंग्रजी इतिहासात बसीनच्याच नावाने नोंदला गेला. खडकीचे 'किर्की' झाले, पुण्याचे 'पूना' झाले. या उच्चारांसाठी कोणा साहेबाला बाकावर उभे केल्याचे ऐकिवात नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत मारिया माग्दालेनाच्या नावाचे महाविद्यालय आहे. लिहितात माग्दालेन आणि म्हणतात 'मॉडलिन'. आपल्या एखाद्या मुलाने असे केले असते, तर त्याची धडगत नव्हती. तिथे मात्र ती परंपरा आहे. 'अँथनी' या नावातील 'एच' हेही नावाचा संबंध फुलाच्या ग्रीक शब्दाशी असावा, या चुकीच्या समजुतीने मागाहून आलेले अक्षर. अनेक इंग्रज अजून 'अँटनी'च म्हणतात. म्हणजे आपल्या आजोबांचा 'अंतोन' मूळ लॅटिन नावाला अधिक जवळचा आहे.

मग कोणताही उच्चार चालेल, असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. भाषा दोघांमधील पूल आहे; तो मोडू नये इतकी काळजी बोलणाऱ्याने घेतलीच पाहिजे. 'डेझर्ट' शब्दाचा जोर पहिल्या अवयवावर दिला तर वाळवंट आणि दुसऱ्यावर दिला तर जेवणानंतरचा गोड पदार्थ; येथे चूक झाली तर अर्थच फिरतो, म्हणून ते शिकावे. मुलांना कोश पाहण्याची आणि कान देऊन ऐकण्याची सवय लावावी. शिक्षकाने चूक दाखवावी, मात्र एकांतात आणि कारणासह. 'बी' मुका का आहे हे सांगितले, की मूल तो शब्द जन्मभर विसरत नाही. जेथे कोशांतच दोन उच्चार दिले आहेत, जसे 'शेड्यूल' आणि 'स्केड्यूल', 'ऑफन' आणि 'ऑफ्टन', तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. किंबहुना 'ऑफ्टन'मधील 'टी' आणि 'फोरहेड'मधील 'हेड' वाचणाऱ्या माणसांनीच परत आणले. पूर्वीचे शिष्ट 'फॉरिड' म्हणत. कालची चूक आज कोशात बसली आहे. आणि माणसाचे नाव मात्र तो स्वतः उच्चारतो तसेच उच्चारावे, मग तो कलेक्टर असो की कोळी.

'पिग्मॅलियन' आणि 'ती फुलराणी' ही दोन्ही नाटके आमच्या वाचकांनी मुलांसह अवश्य वाचावीत. वाचताना हिगिन्सच्या कोट्यांवर हसावे. त्या हसण्यासारख्याच आहेत. पण पुस्तक मिटण्यापूर्वी पिकरिंगची ती साधी हाक पुन्हा एकदा काढून पाहावी. आपल्या घरी, शाळेत, सभेत कोणी चाचरत इंग्रजी बोलू लागेल, तेव्हा त्याचे वाक्य आधी पूर्ण होऊ द्यावे. त्याला काय म्हणायचे होते ते समजून घ्यावे. 'बी' मुका आहे, हे नंतरही सांगता येईल.